अमावस्येला आई कुणाची

गुरुपादप्पाला किळस लवकर येते. जन्मापासूनच तसं. लहानपणी देवणीच्या घरी ताटात केस निघाला तर पोरगं उपाशी झोपायचं. पुढं उदगीर-देवणी काळीपिवळी जीप चालवायला लागला तेव्हा कोंबून बसलेल्या माणसांना त्याचा एकच दम असायचा, "ओकायचं असंल तर आधी सांगा, गाडी थांबवतो." आता पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, किळस तेवढी शाबूत राहिली. लातूरच्या ज्या ट्रस्टच्या दवाखान्यात तो नोकरीला आहे, तिथं हे सगळ्यांना ठाऊक आहे. गाडीच्या चाकावर कुणी पिंक टाकली की अप्पाचं तोंड असं होतं की थुंकणारा आपणहून पाण्याची बाटली शोधायला जातो.

त्याची गाडी साधी ॲम्ब्युलन्स नव्हे. लोक तिला 'लकव्याची गाडी' म्हणतात. आत डोक्याचा फोटो काढायचं सीटी मशीन आहे, डॉक्टर असतात, नर्स असते, मशीन चालवणारा टेक्निशियन असतो. अंगावरून वारं गेलेल्या माणसाला दवाखान्यात आणता आणता जो वेळ जातो तो वाचवायचा, म्हणून दवाखानाच त्याच्या दारी न्यायचा, अशी ती कल्पना. फोटोत रक्तस्राव नाही, गुठळी आहे असं दिसलं, तर गाडीतच इंजेक्शन देऊन गुठळी विरघळवतात. वाकडं झालेलं तोंड सरळ होताना, मेलेला हात उचलला जाताना अप्पानं डोळ्यांनी पाहिलंय. पण हे सगळं लकवा झाल्यापासून थोडक्या तासांत व्हायला लागतं. वेळ टळल्यावर तेच इंजेक्शन दिलं तर डोक्यात रक्त उतरून माणूस हातचा जातो. म्हणून गाडीचं दार उघडलं की डॉक्टरांचा पहिला सवाल ठरलेला, "ह्यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?"

आणि ह्याच सवालावर लोक सर्रास खोटं बोलतात. 'उशीर झाला म्हटलं की सुई देत न्हाईत' एवढंच गावोगाव पसरलंय, सुई का देत नाहीत ते कुणी ऐकून घेत नाही. सकाळी पडलेला माणूस दुपारी दाखवतात आणि छातीवर हात ठेवून सांगतात, आत्ताच झालं बघा, बोलता बोलता. लोह्याकडं एका घरात तर कबुतर कापून त्याचं रक्त म्हाताऱ्याच्या अंगाला चोळलं होतं, वाळून पापुद्रे सुटत होते, पिसं चिकटलेली होती, तरी थोरला पोरगा म्हणाला, आत्ताच. किल्लारीकडं एकानं स्ट्रेचरवरच्या बापासोबत सेल्फी काढून आधी स्टेटसला टाकला, मग पाय धरून गाडीत चढवला. पहिल्या दिवशी उद्घाटनाला तर मशीनच्या पायरीवर नारळ फोडला होता लोकांनी. ते पाणी आत जाऊ नये म्हणून अप्पानं स्वतःचा रुमाल अंथरला आणि नंतर तो फेकून दिला.

"माणूस लई घाण जात हाय, सिस्टर," तो पंचशीला सिस्टरला म्हणायचा. सिस्टर नांदेडच्या, अप्पापेक्षा वयानं लहान, पण उत्तराला कधी कमी नाहीत. त्या म्हणायच्या, "अप्पा, तुम्ही कोणत्या जातीचे मग?" अप्पा गाडी पुसत राहायचा.

तसा तो आपल्या घरापुरता निर्धास्त होता. त्याची आई, अव्वा, दोन भावांत राहायची. होळी ते दसरा धाकट्या सोमेशकडं देवणीत, दसरा ते होळी अप्पाकडं लातुरात. लोक महिन्यामहिन्याला आईला ह्या दारातून त्या दारात ढकलतात त्याची त्याला शिसारी होती. "आमच्यात तसलं न्हाई," तो ऐटीत सांगायचा, "आमच्यात सणावारी होतं, रीतसर." अव्वा येताना एक गाठोडं आणायची आणि ते खाटेखाली सारायची. त्याला तेल-तंबाखूचा जुना वास यायचा. अप्पानं एकदा तिला बॅग आणून दिली, ती तशीच रिकामी राहिली. तो वैतागून म्हणाला होता, "अव्वा, घरात कपाट असताना हे ओंगळ गाठोडं कशाला?" कपाट होतं हे खरंच आहे. त्यात त्याच्या पोरांचे कपडे आणि बायकोच्या साड्या होत्या. अव्वानं गाठोडं खाटेखाली आणखी आत सारलं होतं.

गेल्या पोळ्याची गोष्ट. दुपारी फोन आला. शिरूर अनंतपाळच्या पलीकडचं गाव, नाव सांगत नाही, तिथं चांगली माणसंही राहतात. बाई पडली आहे, तोंड वाकडं झालंय, गाडी पाठवा. गाडीत डॉक्टर मुग्धा मॅडम होत्या. लातूरच्या प्राध्यापकांची मुलगी, पुण्याहून शिकून आलेली. पोळ्याच्या दिवशी रस्त्याला बैलं असतात म्हणून अप्पानं आडवाटेनं गाडी काढली आणि लवकर पोचवली.

गावात हलगी वाजत होती. आता गावात ट्रॅक्टरच जास्त, बैलजोड्या मोजक्याच, पण म्हणूनच त्यांची मिजास मोठी. अंगावर झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा. देवणी वळूंच्या गावचा अप्पा, एरवी अशी जोडी दिसली की गाडी हळू करायचा. त्यानं गाडी शाळेच्या मैदानात सपाट जागा बघून उभी केली, जॅक लावले. गाडी काटेकोर समतल नसली तर ते मशीन चालत नाही, आणि ते काम त्याचं. मग स्ट्रेचर घेऊन तो आणि सिस्टर गल्लीत गेले, मागून मॅडम.

भिंतीला भिंत लागून दोन घरं होती, मधोमध सामाईक ओटा. ओट्यावर म्हातारी आडवी झालेली. कस्तुराबाई तिचं नाव. डावा हात लुळा, तोंड एका बाजूला ओढलेलं, हनुवटीवरून लाळ, लुगडं खालून ओलं. उशाला गाठोडं. ओट्याखालच्या रांगोळीत ती लाळ पडून रंग कालवले गेले होते. आणि हाकेच्या अंतरावर, त्याच अंगणात, पितळी परातीत बैलांसाठी पुरणपोळ्या रचून ठेवल्या होत्या.

फोन केला होता तो धाकट्या सुनेनं, पुनमनं. बैलं ओवाळायला ताट घेऊन बाहेर आली, रांगोळी विस्कटलेली दिसली, म्हणून आधी सासूवर ओरडली. सासूनं वर बघितलं नाही तेव्हा जवळ गेली. हे तिनंच सांगितलं, लपवलं नाही.

मॅडमनी म्हातारीचे हात उचलून पाहिले, डोळे पाहिले, आणि दोन्ही पोरांना ठरलेला सवाल विचारला. "ह्यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?"

थोरला बालाजी फेटा सावरत म्हणाला, "मला काय माहीत? आज ती माझ्याकडं न्हाई."

"मग कुणाकडे आहे?"

"माझ्याकडं बी न्हाई," धाकटा व्यंकट म्हणाला. "माझ्याकडं दिवा लागल्यावर येती."

मॅडमना कळेना. त्यांनी तेच पुन्हा विचारलं, तेच उत्तर मिळालं. शेवटी पुनमनं मान खाली घालून उलगडा केला. सासू महिन्याच्या पाळीनं राहते. पाळी अमावस्येला बदलते. थोरल्याचं म्हणणं, अमावस्या लागली की महिना संपला, म्हणून सकाळच्या चहाआधीच गाठोडं बाहेर. धाकट्याचं म्हणणं, अमावस्या हा जुन्या महिन्याचाच दिवस, नवा महिना दिवेलागणीनंतर. ह्यावर दोघांचं एकदा वाजलं, पंचांगवाल्यापर्यंत गेलं, मिटलं नाही. तेव्हापासून अमावस्येचा दिवस म्हातारी ओट्यावर काढते. ना ह्या घरात, ना त्या घरात. संध्याकाळी दिवा लागला की आत घेतात. गावालाही सवय झाली होती. ओट्यावर म्हातारी दिसली की बायका म्हणायच्या, आज अमावशा वाटतं.

अप्पाला किळस आली. कबुतराच्या रक्ताचीही एवढी आली नव्हती. एक जेवू घालीना, दुसरा भीक मागू देईना, असलं ऐकून होता तो, पण पंचांग काढून आईला उघड्यावर बसवणारे त्याला पहिल्यांदाच भेटत होते. "काल बैलांची खांदेमळणी केली का रे?" त्यानं विचारलं.

"केली की," व्यंकट म्हणाला. "लोणी-हळद लावून."

"बैलाच्या खांद्याला लोणी, आन आईच्या खांद्याला हात लावायला तिथी बघता. थू तुमच्या."

"ओ डायवर, तुमचं काम करा," बालाजी म्हणाला. सिस्टरनी उशाचं गाठोडं घेतलं आणि अप्पानं म्हातारीला उचललं. तिचं वजन हाताला लागलंच नाही.

गाडीत तिचा फोटो निघाला. टेक्निशियननं मॅडमना पडदा दाखवला. रक्तस्राव नव्हता. गुठळीच होती. म्हणजे इंजेक्शन चालणार होतं, फक्त वेळ कळायला हवी होती. मॅडम म्हातारीच्या कानाशी वाकल्या. "आजी, तुम्हाला कधीपासून असं होतंय? सकाळपासून? दुपारपासून?"

म्हातारीचे डोळे दाराकडं गेले. दारात दोघे पोरगे उभे होते. एकाच्या अंगावर नवा सदरा, दुसऱ्याच्या कपाळाला गुलाल. बराच वेळ तिची जीभ तोंडातल्या तोंडात वळत राहिली आणि मग ती जड, अर्धवट बोलली, "आत्ता. आत्ताच झालं, माय. पोरांनी लगेच बघितलं."

"म्हणायली न्हाई का!" बालाजी लगेच पुढं सरकला. "आत्ताच झालं. आमी सगळे हितंच होतो." व्यंकटनंही मान डोलावली. सबंध वर्षात त्या दोघांचं एकमत झालं ते ह्या एका खोट्यावर.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. मग सिस्टरना म्हणाल्या, भरा. सिस्टर औषध काढायला वळल्या.

दार सांभाळणं अप्पाचं काम. बघ्यांची गर्दी झाली होती, मोबाईल वर निघाले होते. त्यातून एक बाई पुढं घुसत होती, पदर डोक्यावर, हातात रिकामा स्टीलचा पेला. अप्पानं तिला दोनदा मागं सारलं. तमाशा बघायला आलेल्यांचा त्याला वीट आला होता. "ओ मावशी, व्हा मागं. हितं काय पोळा फुटायलाय का?"

"मला डाक्टरीणबाईला एक सांगायचंय."

"नंतर सांगा."

"नंतर काय उपेग? ती खोटं बोलायली."

अप्पानं दार सोडलं. बाई शेजारची, साखराबाई. मॅडमसमोर उभी राहून तिनं पेला दाखवला. सकाळी, अंगणात सडा टाकायच्या वेळी, तिनं कस्तुराबाईला ओट्यावर चहा दिला होता. अमावस्येचा चहा तीच देते. आज पेला हातातून गळाला. साखराबाईनं तो तिच्या तोंडाला लावला तर चहा एका बाजूनं लुगड्यावर सांडला. म्हातारी भिंतीला टेकून राहिली.

"मग सकाळीच का सांगितलं नाही कुणाला?" मॅडमचा आवाज चढला.

"मला वाटलं रुसली," साखराबाई म्हणाली. "सणाच्या दिवशी बाहेर काढल्यावर माणूस रुसणार न्हाई तर काय? तोंड वाकडं करून बसली असं वाटलं मला. आन भावकीच्या भांडणात आपण कशाला पडावं, म्हणून गेले घरी. दिवसभर सगळं गाव तिच्या म्होरून बैलं घेऊन गेलं. सगळ्यांनाच वाटलं, रुसली."

मॅडमनी सिस्टरच्या हातातलं इंजेक्शन परत ठेवायला लावलं. मग त्या पोरांकडं वळल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "सकाळीच फोन केला असता तर बहुतेक ह्यांचा हात परत आला असता. आता ही सुई दिली तर जीव जाऊ शकतो. तुमच्या आईनं तुमची अब्रू झाकायला स्वतःचा जीव पणाला लावला होता. कळलं का?"

व्यंकटनं गुलाल पुसला. बालाजीनं साखराबाईकडं रागानं बघितलं. एवढंच घडलं. अप्पा वाट बघत होता की आता एक तरी रडेल.

कस्तुराबाईला लातूरला न्यायचं ठरलं. सोबत कुणी तरी हवं. थोरल्याच्या बैलजोडीला यंदा मानाचं तोरण होतं, पोळा फुटायची वेळ झाली होती. शिवाय आज ती त्याच्याकडं नव्हती. धाकटा म्हणाला, दिवा लागू द्या, मग येतो मागून मोटारसायकलवर. अप्पा तोंड फिरवून जॅक उचलायला निघून गेला. परत आला तेव्हा पुनम गाडीत बसलेली होती. हाताला पुरण तसंच लागलेलं, पायात चप्पल नव्हती. नवरा खालून म्हणत होता, "तू कुठं चालली? बैलांना निवद कोण दाखविणार?" ती म्हणाली, "तुम्ही दाखवा. बैल तुमचे हायत." आणि तिनं सिस्टरना दार लावायला सांगितलं.

गाडी गावाबाहेर पडेपर्यंत अप्पा आरशात बघत नव्हता. मागं म्हातारी सारखी उजव्या हातानं चाचपत होती. पुनमला कळेना काय हवंय. सिस्टरला कळलं, त्यांनी गाठोडं तिच्या कुशीत दिलं. तेव्हा तो हात शांत झाला.

म्हातारी जगली. डावी बाजू गेली ती गेलीच.

दवाखान्यात तिला उतरवताना गाठोडं अप्पाच्या हातात आलं. त्यानं ते नेहमीप्रमाणं दोन बोटांत, अंगापासून लांब धरलं. तेल-तंबाखूचा जुना वास. धडप्याला दुहेरी गाठ, आणि ती गाठ इतक्या दिवसांची की कापड तिथं चामड्यागत कडक झालेलं. कुणी ती कधी सोडलीच नव्हती. लुगडं काढायचं असलं तर बाजूच्या फटीतून ओढून काढत असणार. अप्पा ते घेऊन व्हरांड्यात उभाच राहिला. ही गाठ त्यानं आधी पाहिली होती. स्वतःच्या घरी, खाटेखाली.

"अप्पा, काय झालं?" सिस्टरनी विचारलं.

"काय न्हाई. उद्या सुट्टी पायजे."

त्या दिवशी गाडी त्यानं धुतली, पण नीट धुतली नाही.

दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर. देवणीला पोचला तेव्हा ऊन बरंच वर आलं होतं. सोमेशच्या दारी बैलांच्या झुली वाळत पडल्या होत्या. सोमेशची बायको त्याला बघून चपापली. ह्या दिवसांत थोरला दीर कधी येत नव्हता. अव्वा गोठ्याच्या सावलीत पोत्यावर बसून शेंगा फोडत होती. तिला तो पत्र्याचं दार सरकवून आत येताना दिसला.

रात्रभर त्याच्या डोक्यात मॅडमचा सवाल घोळत होता. अव्वाला शेवटचं धडधाकट कधी पाहिलं? होळीला. तेही एसटीत बसवून देताना, खिडकीच्या जाळीतून, आणि तेव्हा त्याचं लक्ष गाडी किती घाण आहे तिकडं होतं. मधल्या सगळ्या दिवसांत ती पडली असती, तिचं तोंड वाकडं झालं असतं, तर तो म्हणाला असता, ती सध्या माझ्याकडं नाही. अगदी ह्याच शब्दांत म्हणाला असता. वर सांगितलं असतं, आमच्यात सणावारी, रीतसर. त्या दोघा भावांवर थुंकताना त्याला फार बरं वाटलं होतं, ते आठवून आता त्याला स्वतःची शिसारी आली.

अव्वानं शेंगा बाजूला सारल्या. गुडघ्यावर हात देत उठली.  आत गेली आणि गाठोडं घेऊन बाहेर आली, डोक्यावर पदर नीट केला.

"एवढ्यात?" ती म्हणाली. "दसरा लांब हाय की रे अजून. सोम्यानं काय म्हटलं का तुला?"

सोमेश गोठ्यातून बाहेर येत होता. "अण्णा, मी काय बी म्हटलं न्हाई," तो म्हणाला.

"अव्वा, न्यायला न्हाई आलो," अप्पा म्हणाला. "बघायला आलो. बस तू." ती बसली नाही. मग तो तिच्यापुढं जाऊन उभा राहिला आणि लकवा ओळखायला गाडीत मॅडम सांगतात तसं त्यानं सांगितलं, "हास बघू जरा."

ती हसली नाही, पण तोंड सरळ होतं.

"दोन्ही हात वर कर."

"कसं करू? गाठोडं हाय की हातात."

"ते ठेव आधी खाली."

अव्वानं सोमेशच्या दाराकडं बघितलं, मग अप्पाकडं बघितलं, आणि गाठोडं छातीशी धरूनच विचारलं, "कुठं ठेवू?"